खूण आणि जुडी : व्हीलॅन-जालातील एका बिघाडाची मीमांसा

संगणकांच्या जालात उद्भवणाऱ्या बिघाडांपैकी एक बिघाड असा आहे की, त्याचे वर्णन ऐकणाऱ्याचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही. सर्व्हरवरील कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसविली जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो, दोन्ही तारांवरील हिरवे दिवे लागतात, दोन तारांची मिळून एक जुडी झाल्याची ग्वाहीही यंत्र देते. आणि तरीसुद्धा ग्रंथालयाची सूची कोणास उघडता येत नाही, परीक्षा विभागाचे काम अडून राहते, मात्र प्रशासनाचे संगणक जणू काही घडलेच नाही अशा रीतीने चालू असतात. क्वचित याहून विचित्र प्रकार दिसतो : एकाच खोलीतील काही संगणक सर्व्हरशी बोलू शकतात, काही शकत नाहीत. दोष साहजिकच नव्या आवृत्तीच्या माथी मारला जातो आणि जुनी आवृत्ती परत आणण्याची धडपड सुरू होते. हा बिघाड कसा उद्भवतो व तो शोधताना कोणता पुरावा ग्राह्य मानावयाचा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विषय यंत्रविद्येचा असला तरी त्याच्या मुळाशी प्रश्न संकेताचा आहे : खूण कोणी करावयाची, ती कोणी वाचावयाची, आणि खूण नसेल तर त्याचा अर्थ काय समजावयाचा. या प्रश्नांशी भाषाभ्यासकाचा परिचय जुना आहे.

प्रथम खुणेविषयी. एका इमारतीत प्रशासन, ग्रंथालय व परीक्षा विभाग अशी तीन कार्यालये आहेत अशी कल्पना करावी. या तिघांची जाले परस्परांपासून अलग ठेवावयाची, परंतु तारा व स्विच मात्र तिघांसाठी एकच वापरावयाचे, अशी गरज असते. ती भागविणारी योजना म्हणजे आभासी स्थानिक जाल, अथवा प्रचारातील संक्षेपाने व्हीलॅन. बाजारपेठेत अनेक व्यापाऱ्यांची पोती एकाच मालगाडीने जातात, परंतु प्रत्येक पोत्यावर ज्याच्या त्याच्या पेढीचा मार्का असतो. पोत्यात काय आहे हे हमालास ठाऊक असण्याचे कारण नसते, मार्का पाहून तो पोते योग्य वखारीत टाकतो. व्हीलॅनमध्ये पोत्याची जागा फ्रेम घेते आणि मार्क्याची जागा टॅग. (फ्रेम या शब्दास 'चौकट' हा प्रतिशब्द काही ठिकाणी योजलेला आढळतो, परंतु चौकट रिकामी असू शकते, फ्रेम ही मजकुरासकट असते, यास्तव येथे मूळ शब्दच ठेवला आहे.)

हा टॅग कसा असावा हे आयट्रिपलई या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकाने १९९८ साली ठरविले. फ्रेमच्या आरंभी ज्याच्याकडे जावयाचे त्याचा पत्ता असतो, त्यानंतर पाठविणाऱ्याचा पत्ता, आणि त्यानंतर आतील मजकूर कोणत्या जातीचा आहे हे सांगणारे दोन बाइट. पाठविणाऱ्याचा पत्ता संपताच टॅगचे चार बाइट मध्ये घातले जातात. त्यांपैकी पहिले दोन षोडशमान पद्धतीने ८१०० अशी संख्या दर्शवितात. 'येथे टॅग आहे' एवढेच त्यांचे सांगणे. उरलेल्या सोळा बिटांपैकी तीन प्राधान्यासाठी, एक गर्दीच्या वेळी फ्रेम टाकून देण्यास हरकत आहे की नाही हे सांगण्यासाठी, आणि बारा व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. बारा बिटांत ४०९६ संख्या मावतात. त्यांपैकी शून्य आणि ४०९५ या राखीव असल्याने प्रत्यक्ष उपयोगास ४०९४ क्रमांक येतात. ज्या यंत्रास हा संकेत ठाऊक नाही त्यास मजकुराची जात सांगणाऱ्या जागी ८१०० ही अपरिचित संख्या दिसते व ते ती फ्रेम टाकून देते. टाकून दिल्याचे ते कोणास कळवीत नाही. या मौनामुळेच पुढील सर्व घोटाळे शोधण्यास कठीण होतात.

आता जुडीविषयी. सर्व्हर व स्विच यांमध्ये एकच तार असेल तर ती तुटताच सर्व संपले. यास्तव दोन अथवा अधिक तारा जोडून त्यांस एकच तार मानण्याची पद्धत पडली, ८०२.३एडी या मानकाने २००० साली तीस नियमबद्ध रूप दिले आणि २००८ साली ते ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात गेले. जुडीतील प्रत्येक तारेस येथे 'पदर' म्हटले आहे, कारण दोरीच्या पदरांप्रमाणेच एक पदर तुटला तरी दोरी टिकावी हा तिचा हेतू असतो. लिनक्समध्ये या जुडीस बाँड म्हणतात आणि पहिल्या जुडीचे नाव प्रायः 'बाँड०' असे असते. टॅग लावणारे आभासी इंटरफेस या जुडीच्या वर रचले जातात : ग्रंथालयासाठी 'बाँड०.२०', परीक्षा विभागासाठी 'बाँड०.३०', याप्रमाणे.

येथे परिभाषेचा एक गोंधळ नोंदविणे अवश्य आहे, कारण तो केवळ शाब्दिक राहत नाही. सिस्को कंपनीच्या स्विचवर 'ट्रंक' म्हणजे अनेक व्हीलॅनच्या टॅग लावलेल्या फ्रेम वाहून नेणारी जोडणी. अनेक तारांच्या जुडीस तेथे 'ईथरचॅनल' किंवा 'पोर्ट-चॅनल' म्हणतात. एचपी कंपनीच्या प्रोकर्व्ह मालिकेच्या स्विचवर मात्र 'ट्रंक' या शब्दाचा अर्थ नेमका जुडी असा आहे, आणि टॅगशी त्याचा काही संबंध नाही. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीतही 'ट्रंक' नावाचा इंटरफेस तारा जोडण्यासाठीच असतो. तिच्या भावंडाने, म्हणजे फ्रीबीएसडीने, त्यास 'लॅग' हे नाव दिले. सर्व्हर सांभाळणारा आणि स्विच सांभाळणारा हे बहुधा भिन्न गृहस्थ असतात. एकाने 'या दोन तारा ट्रंक करा' असे लिहून पाठविले आणि दुसऱ्याने आपल्या घरच्या अर्थाने ते वाचले, की एकास जुडी हवी असता दुसरा टॅगची परवानगी देऊन मोकळा होतो. आणि दोघेही आपण सांगितलेले काम पार पाडल्याचे प्रामाणिकपणे सांगतात. हा शब्द दोन विभागांमधील पत्रव्यवहारातून वगळलेलाच बरा.

आता मुख्य मुद्दा. जुडीच्या दोन्ही टोकांची यंत्रे परस्परांशी संधान बांधतात ते एलएसीपी नावाच्या नियमावलीने. प्रत्येक पदरावरून ती एकमेकांस छोटे निरोप पाठवितात, संथ गतीने असल्यास दर तीस सेकंदांनी, द्रुत गतीने असल्यास दर सेकंदास; आणि असे तीन निरोप चुकले की तो पदर जुडीतून बाद समजला जातो. हे निरोप टॅगविना जातात. जुडी झाल्याची ग्वाही ज्या निरोपांवर आधारलेली, त्यांवर मुळात खूणच नसल्यामुळे खूण लावलेल्या फ्रेमचे काय होते याविषयी ती ग्वाही काहीही सांगत नाही. जुडीविषयीचा करार आणि खुणेविषयीचा करार हे दोन वेगळे करार आहेत. पहिल्याची तपासणी यंत्रे स्वतः, अहोरात्र करतात. दुसऱ्याची कोणीही करीत नाही. आरंभी वर्णिलेल्या चित्रात हिरवे दिवे आणि जुडीची नोंद पाहून ज्याने तारा व स्विच यांस निर्दोष ठरविले, त्याने पहिल्या कराराचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला.

त्या चित्रातील प्रशासनाचे संगणक का चालू राहिले, हेही आता कळेल. टॅग नसलेली फ्रेम स्विचकडे आली तर ती कोणत्या व्हीलॅनची समजावयाची हे स्विचच्या त्या दारावर आधीच ठरवून ठेवलेले असते. या क्रमांकास सिस्कोच्या परिभाषेत 'नेटिव्ह व्हीलॅन' आणि मानकाच्या परिभाषेत पोर्टचा व्हीलॅन-क्रमांक म्हणतात, आणि कोणी काही न सांगितल्यास तो १ असतो. व्याकरणाच्या अभ्यासकास यात शून्य प्रत्ययाची कल्पना चटकन ओळखू येईल. 'घर पडले' या वाक्यातील 'घर' या पदास प्रत्यय दिसत नाही, परंतु 'घराला', 'घरात' यांच्या शेजारी ठेवले की त्या नसण्यालाही अर्थ येतो. भेद एवढाच की मराठीतील शून्याचा अर्थ बोलणारा व ऐकणारा दोघांनाही सारखाच ठाऊक असतो; स्विचच्या दारातील शून्याचा अर्थ केवळ ऐकणाराच ठरवितो. प्रशासनाचे जाल टॅगविना चालत होते, म्हणून टॅगविषयीचा करार मोडल्यावरही ते वाचले.

हा करार नवी आवृत्ती बसविल्यावरच का मोडतो? याचे एक उत्तर मौनात सापडते. जुनी मांडणी अनेकदा न सांगितलेल्या गोष्टींवर उभी असते. लिनक्सची जुडी कोणत्या रीतीने चालावयाची हे सांगितलेच नाही, तर ती आळीपाळीने प्रत्येक पदरावरून फ्रेम पाठविण्याची रीत पत्करते, एलएसीपीची नव्हे. ही सूचना पूर्वी एखाद्या जुन्या फाइलीत लिहिलेली असते, आणि नवी आवृत्ती ती फाइल वाचतच नाही. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीतून (२०२२) जालाची जुनी लिपिबद्ध व्यवस्था काढून टाकण्यात आली, तर दहावीत (२०२५) जुन्या 'आयएफसीएफजी' पद्धतीच्या फाइली वाचणेच बंद झाले. त्यातच जुडी घडविणारा गाभ्यातील विभाग स्मृतीत येताच, कोणी न सांगताही, 'बाँड०' नावाची एक जुडी स्वतःहून निर्माण करण्याची त्याची मूळ सवय आहे. तेव्हा 'बाँड०' अस्तित्वात आहे एवढ्यावरून ती आपल्या सूचनेप्रमाणे घडली असे समजू नये. 'प्रॉक' या आभासी निर्देशिकेत 'नेट' व त्याखाली 'बाँडिंग' येथे प्रत्येक जुडीचे एक टाचण असते. त्यात रीत कोणती लिहिली आहे, समोरच्या यंत्राचा पत्ता भरलेला आहे की सर्व शून्ये आहेत, आणि दोन्ही पदरांचा समूह-क्रमांक एकच आहे की भिन्न, या तीन नोंदी पाहिल्या की पहिल्या कराराचा निकाल लागतो. समोरचा पत्ता सर्व शून्यांचा असेल तर स्विच एलएसीपी बोलतच नाही असे समजावे. समूह-क्रमांक भिन्न असतील तर दोन्ही पदर वेगळ्या जुड्यांत गेले आहेत आणि त्यांपैकी एकच कामास लागला आहे.

दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे, आणि त्यात नव्या आवृत्तीचा अपराध काहीच नसतो. एलएसीपीविना चालणारी एक साधी रीत आहे : एक पदर कामावर, दुसरा राखीव. यात स्विचला जुडीची कल्पनाही नसते. त्याच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र दारे. म्हणून टॅगची परवानगी दोन्ही दारांवर वेगवेगळी द्यावी लागते. समजा, चार वर्षांपूर्वी परीक्षा विभागाचा ३० हा क्रमांक नव्याने घालताना तो पहिल्याच दारावर घातला गेला. सर्व्हर चार वर्षे पहिल्याच पदरावरून बोलत राहिला. दुसरा पदर केवळ दिवा लावून उभा. पुढे एका रात्री नवी आवृत्ती बसविली जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी दुसऱ्या पदराची तार क्षणभर आधी जागी होते. कोणता पदर प्रथम घ्यावा हे सांगून ठेवलेले नसल्यास जो आधी जागा झाला तोच कामाला लागतो. परीक्षा विभाग बंद पडतो. हा दोष चार वर्षांचा जुना होता. ज्या रात्री पहिली तार तुटली असती त्या रात्रीही तो असाच प्रकट झाला असता, आणि राखीव पदर ज्या प्रसंगासाठी ठेवला होता नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरला असता. जुनी आवृत्ती परत आणून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पहिला पदर आधी जागा झाला, तर 'नव्या आवृत्तीतच दोष होता' हा निष्कर्ष पक्का होतो व खरे कारण पुढच्या खेपेपर्यंत दडून राहते. ही चूक टाळण्याचा उपाय लिनक्समध्ये आहे : पदराची परीक्षा केवळ तारेतील विद्युत्संकेतावरून न करता, ३० क्रमांकाच्या जालातील एखाद्या पत्त्यास एआरपी पद्धतीने वरचेवर प्रश्न विचारून करावी. अशा प्रश्नावर टॅग असतो, म्हणून त्याच्या उत्तराने खुणेची परीक्षाही होते. ही सोय एलएसीपीच्या रीतीत मात्र उपलब्ध नाही.

काही संगणक चालतात व काही चालत नाहीत, हे लक्षण याच दोषाचे दुसरे रूप होय. दोन्ही पदर एकाच वेळी कामावर असताना कोणती फ्रेम कोणत्या पदरावरून जावयाची हे एका गणिती सूत्राने ठरते. लिनक्सच्या मूळ सूत्रात दोन्ही टोकांच्या यंत्रपत्त्यांचा हिशेब असतो. म्हणजे अमुक दोन यंत्रांमधील संभाषण नेहमी एकाच पदरावरून जाते. एका पदराच्या दारावर टॅगची परवानगी नसेल, तर ज्यांच्या वाट्यास तो पदर आला तेवढेच संगणक मुके होतात. स्विचकडून परत येणाऱ्या फ्रेमसाठी स्विच आपले स्वतःचे सूत्र वापरतो, म्हणून प्रश्न एका पदरावरून गेला व उत्तर दुसऱ्यावरून आले असेही घडते. चालणाऱ्यांची संख्या बरोबर निम्मी भरत नाही याचे कारण हेच. राउटरच्या पलीकडील सर्व संगणकांची गोष्ट पुन्हा निराळी. सर्व्हरला त्या सर्वांच्या ठिकाणी एकाच राउटरचा यंत्रपत्ता दिसतो, म्हणून ते सर्व एकाच पदरावर लादले जातात व एकत्र चालतात किंवा एकत्र बंद पडतात. परीक्षा सोपी आहे : एक पदर बंद करून पाहावे, मग तो चालू करून दुसरा बंद करून पाहावे. दोन्ही वेळी निकाल सारखा आला तर दोष पदरात नाही.

यानंतर नावांचा प्रश्न येतो, आणि तो भाषाभ्यासकास विशेष रंजक वाटावा. लिनक्समध्ये एके काळी जालाच्या कार्डांना 'ईथ०', 'ईथ१' अशी नावे ज्या क्रमाने ती सापडत त्या क्रमाने मिळत. क्रम बदलला की नाव बदलले. २०१३ च्या आरंभी सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने यावर उपाय म्हणून कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. 'ईएनपी३३एस०एफ०' हे असे एक नाव. त्याची फोड व्याकरणातील पदाप्रमाणे होते : 'ईएन' हा एथरनेट-वाचक धातू, 'पी३३' म्हणजे तेहतिसावी बस, 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाची खाच, 'एफ०' म्हणजे त्या कार्डाचे पहिले कार्य. नावास अर्थ आला, आणि अर्थाबरोबर नवी अस्थिरताही आली. कारण गाभ्याच्या नव्या आवृत्तीस त्याच कार्डाविषयी एखादी अधिक गोष्ट कळू लागली, तर ती नावात उमटते. काही कार्डांचे चालक दाराचे नावही सांगू लागले तेव्हा 'ईएनपी३३एस०एफ०' या नावास 'एनपी०' हा आणखी एक प्रत्यय लागला. प्रॉक्समॉक्स या डेबियनवर आधारित प्रणालीची आठवी आवृत्ती २०२३ साली निघाली तेव्हा तिच्या निर्मात्यांनीच आपल्या मार्गदर्शिकेत हा इशारा दिला की, नव्या गाभ्यास कार्डाची अधिक वैशिष्ट्ये ओळखता येत असल्याने काही इंटरफेसांची नावे बदलण्याचा संभव आहे.

परिणाम काय होतो पाहावे. जुडीच्या सूचनेत जुनी नावे लिहिलेली. त्या नावाची कार्डे आता नाहीत. जुडी रिकामीच उभी राहते, तिच्यावर 'बाँड०.२०' आणि 'बाँड०.३०' रचले जातात, त्यांना पत्तेही मिळतात. यादी पाहणाऱ्यास सर्व काही जागच्या जागी दिसते, परंतु खाली तार नाही. दोन पदर भिन्न बनावटीच्या कार्डांचे असतील आणि एकाचेच नाव बदलले असेल, तर जुडी एका पदरावर चालू राहते व कोणाच्या लक्षातही येत नाही. जो मनुष्य कसोटीसाठी जुडी मोडून थेट कार्डावर टॅग रचू पाहतो त्यास आणखी एक अडचण येते. लिनक्समध्ये इंटरफेसाचे नाव पंधरा रोमन अक्षरांहून मोठे चालत नाही. जुन्या नावाची अक्षरे नऊ, त्यास टिंब व '१००' जोडले तर तेरा. नव्या नावाची बारा, आणि तेच जोडले की सोळा. आज्ञा नाकारली जाते आणि टॅगमध्येच काही दोष आहे असा समज होतो. वास्तविक 'बाँड०.३०' यातील '३०' ही केवळ लिहिणाऱ्याच्या सोयीची रूढी आहे. गाभा नावातून क्रमांक वाचत नाही. 'परीक्षा' असे सुटसुटीत नाव देऊन त्यास ३० हा क्रमांक जोडता येतो, आणि 'बाँड०.३०' या नावामागे २० हा क्रमांकही दडलेला असू शकतो. खरा क्रमांक पाहावयाचा तर 'आयपी लिंक शो' या आज्ञेस 'डी' हा विकल्प जोडावा.

नाव पक्के करावयाचे असल्यास ते यंत्रपत्त्यास बांधता येते, परंतु तेथेही सावधगिरी हवी. एलएसीपीच्या जुडीत शिरताच सर्व पदर एकच यंत्रपत्ता धारण करतात. म्हणून नाव बांधावयाचे ते कार्डावर कारखान्यात कोरलेल्या स्थायी पत्त्यास. तो वर सांगितलेल्या टाचणात प्रत्येक पदरापुढे स्वतंत्र लिहिलेला असतो.

नावे बरोबर, जुडी बरोबर, स्विचच्या दारावरील परवानगीही बरोबर, आणि तरी टॅग लावलेली फ्रेम हरवते, असे झाले म्हणजे कार्ड व त्याचा चालक यांकडे वळावे लागते. बहुतेक आधुनिक कार्डे आलेल्या फ्रेममधील टॅग स्वतःच काढून घेतात आणि त्यातील क्रमांक गाभ्याकडे वेगळ्या टिपणाच्या रूपाने देतात. जाणाऱ्या फ्रेमवरही टॅग कार्डच लावते. पाणिनीच्या व्याकरणात लोप झालेला प्रत्यय दिसत नाही, पण त्याचे कार्य चालू राहते. या ठिकाणी टॅगची स्थिती तशीच असते. टीसीपीडंप हे फ्रेम न्याहाळण्याचे साधन टिपणातील क्रमांक पुन्हा फ्रेममध्ये भरून दाखविते, आणि तेही 'ई' हा विकल्प दिला तर. पाहणी कोठे उभे राहून केली यावरही पुष्कळ अवलंबून असते. 'बाँड०.३०' वर टॅग कधीच दिसणार नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत त्याचे काम संपलेले असते; तो पाहावयाचा तर पदरावर. पदरावर ३० चा टॅग असलेली फ्रेम येताना दिसली व 'बाँड०.३०' वर ती पोहोचली नाही, तर दोष सर्व्हरात. पदरावर ती टॅगविना दिसली, तर स्विच ते जाल शून्य खुणेने पाठवीत आहे. पदरावर काहीच आले नाही, तर दारावरील परवानगी पुन्हा तपासावी.

जाणाऱ्या फ्रेमच्या बाबतीत हा पुरावा दुबळा आहे. टॅग कार्डात लागतो, टीसीपीडंप त्याच्या अलीकडे उभे असते. ते दाखविते ती गाभ्याची इच्छा. प्रत्यक्ष तारेवर काय गेले याची साक्ष समोरच्या स्विचलाच विचारली पाहिजे. ३० क्रमांकाच्या जालात सर्व्हरचा यंत्रपत्ता स्विचच्या नोंदीत आला असेल तर खूण पोहोचली. तो पत्ता १ क्रमांकाच्या जालात नोंदला गेला असेल तर खूण वाटेत गळाली. गळाल्याचे दिसले, तर 'ईथटूल' या साधनाने टॅग लावण्याचे व काढण्याचे काम कार्डाकडून काढून गाभ्याकडे द्यावे. त्याने बिघाड दूर झाला तर चालकातील दोष सिद्ध झाला, आणि प्रोसेसरवरील थोडा भार सोसून चालक सुधारेपर्यंत तसेच चालविता येते.

एक लक्षण मात्र असे आहे की ज्याने ते पाहिले तो विसरत नाही. टीसीपीडंप चालू केले की जाल चालू होते. बंद केले की जाल बंद पडते. निरीक्षणानेच रोग बरा व्हावा हा प्रकार गूढ वाटतो, परंतु त्याची उपपत्ती साधी आहे. कार्डाजवळ कोणत्या क्रमांकाचे टॅग व कोणते यंत्रपत्ते आत घ्यावयाचे याची एक यादी असते. टीसीपीडंप चालू होताना कार्डास 'जे येईल ते सर्व घे' अशी आज्ञा देते व यादी बाजूस पडते. तेव्हा दोष त्या यादीत आहे : ३० हा क्रमांक, किंवा जुडीचा यंत्रपत्ता, चालकाने कार्डापर्यंत पोहोचविलाच नाही. निदानाच्या वेळी टीसीपीडंपला 'पी' हा विकल्प देऊन ही आज्ञा टाळावी, नाहीतर साक्षीदारच पुरावा बदलतो.

यंत्रपत्त्याचा आणखी एक बदल सांगून ठेवला पाहिजे. सिस्टिमडीच्या २४२ व्या आवृत्तीपासून (२०१९) जुडी व ब्रिज यांसारख्या आभासी इंटरफेसांनाही यंत्राच्या ओळखक्रमांकावरून ठरणारा स्थिर पत्ता देण्याचे धोरण आले. डेबियनच्या दहाव्या आवृत्तीवरून अकरावीवर जाणाऱ्या काही सर्व्हरांच्या ब्रिजचा पत्ता त्यामुळे बदलला, आणि जेथे समोरचा स्विच ठरावीक पत्त्यासच आत घेई तेथे टॅग बिनचूक असूनही दार बंद राहिले. लांबीचा दोष त्यामानाने ओळखण्यास सोपा. टॅग नसलेली फ्रेम १५१८ बाइटांची, टॅगसह १५२२ ची. वाटेतील एखाद्या यंत्रास हे चार बाइट मानवले नाहीत तर लहान निरोप जातात, मोठे अडकतात. १४७२ बाइटांचा, तुकडे न करण्याची अट घातलेला पिंग पाठविला की ते उघड होते.

या सर्व प्रकारांत खरी हानी बहुधा बिघाडाने होत नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा मार्गही त्याच जुडीवरून व त्याच टॅगखालून जात असतो, त्याने होते. दुरून काम करणारा मनुष्य नवी आवृत्ती बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करतो आणि बसलेली फांदी आपल्याच हाताने तोडतो. मग रात्री कोणास तरी कुलूप उघडून त्या खोलीत जाऊन उभे राहावे लागते. यासाठी जुडीबाहेरची एक वेगळी तार, किंवा सर्व्हरच्या पडद्यापर्यंत जाणारी आयपीएमआयसारखी सोय, आधीपासून असावी. उबंटूवर नेटप्लॅनची 'ट्राय' ही आज्ञा वापरता येते. १२० सेकंदांत संमती मिळाली नाही तर ती जुनी मांडणी आपण होऊन परत आणते. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी, सर्व काही सुरळीत असतानाच, प्रत्येक पदराचा स्थायी पत्ता, तो स्विचच्या कोणत्या दारात आहे तो क्रमांक, आणि जुडीची रीत कागदावर उतरवून घ्यावी. नंतर एकेक पदर बंद करून उरलेल्या पदरावरून २० आणि ३० या दोन्ही जालांतील एकेका यंत्रास पिंग करून पाहावा. दोन पदर व दोन टॅग यांच्या या चार कसोट्या होतात, आणि परीक्षा विभागाचा जो क्रमांक चार वर्षे दुसऱ्या दारावर घालावयाचा राहिला होता तो त्यांपैकी एकीत सापडतो.